ॲडमिट व्हायची वाट बघणाऱ्या योजना

सकाळी साडेसहाला आमच्या स्वयंपाकघरात चहाच्या आधी एक काम असतं. आदल्या रात्री उकडून ठेवलेल्या सफरचंदाचा गर चमच्यात घ्यायचा, कॅप्सूलची दोन टोकं अलगद ओढून तिच्यातले खसखशीपेक्षा थोडे मोठे तपकिरी दाणे त्यावर सोडायचे आणि तो चमचा चार वर्षांच्या लेकीच्या तोंडात द्यायचा. दाणे चावू द्यायचे नाहीत. गरम भातात किंवा दुधात कालवायचे नाहीत, नाहीतर त्यांच्यावरचं आवरण आतड्यापर्यंत टिकत नाही आणि औषध वाया जातं. वर घोटभर पाणी पाजलं की ‘आ कर’ म्हणून गालफडं, हिरड्या, जिभेखालची जागा बघायची, कारण एखादा दाणा अडकून राहिला तर तिथे तोंड येतं. एवढं झालं की ती खायला मोकळी. दिवसातून पाच-सहा वेळा हे होतं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने हातावर लाडू ठेवला तरी आधी कॅप्सूल, मग लाडू.

लेकीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. पेशींमधून क्लोराइडची ये-जा करवणारं एक प्रथिन तिच्या शरीरात नीट बनत नाही. त्यामुळे जे स्राव पातळ असायला हवेत ते चिकट होतात. स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यात उतरत नाहीत, म्हणून खाल्लेलं तूप-तेल तसंच बाहेर पडतं. छातीतला कफ डिंकासारखा धरून बसतो आणि त्यात जंतू घर करतात. घामातून मीठ मात्र भरमसाट वाहून जातं. याला कारणीभूत असलेलं सातव्या गुणसूत्रावरचं जनुक 1989 मध्ये सापडलं. आई आणि बाप या दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच बिघडलेली प्रत असलेल्या माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. आम्हा दोघांना नव्हता.

या आजाराचा उपचार घरी, रोज, मरेपर्यंत करायचा असतो. आणि आपल्याकडच्या आरोग्य योजना मात्र माणूस दवाखान्यात आडवा झाल्यावर जाग्या होतात. माझी तक्रार याच्याशी आहे आणि हा लेख मी त्यासाठी लिहिते आहे.

आम्ही सांगलीत राहतो, सासर पलूस तालुक्यात. लेक जन्मली तेव्हा पुरती तीन किलोची होती. पाचव्या महिन्यापासून तिचं वजन जागचं हलेना. अंगणवाडीतल्या ताई दर महिन्याला काट्यावर ठेवायच्या, आकडा बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. सेविकांच्या बोलण्यातले सॅम आणि मॅम हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित. आमची लेक आधी मॅममध्ये गेली, मग सॅममध्ये. आत्याबाई गावाहून आल्या, पोरीचे दंड चाचपून म्हणाल्या, “पोरीच्या अंगाला कायच लागंना की गं. दूध येतंय नव्हं तुला?” त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण घरात मूल वाळत असलं की सगळ्यांची नजर आईच्या पदराकडे जाते, आणि हळूहळू आईची स्वतःचीही तिकडेच जाते. मी तिला दर दोन तासांनी पाजत होते. वरचं सुरू झाल्यावर ती अधाशासारखी खायची. तेवढ्याच वेळा तेलकट, उग्र वासाची शी व्हायची, दुपट्यावरून धुवून निघायची नाही. मी ते डॉक्टरांना सांगितलं होतं. “दात येतायत” असं उत्तर मिळालं.

मग खोकला लागला आणि राहीना. एका दवाखान्यात छातीचा फोटो बघून टीबीची औषधं सुरू झाली. टीबी इतका घरोघर आहे की न हटणारा खोकला आणि न वाढणारं वजन दिसलं की आपल्याकडच्या डॉक्टरांचा हात आधी तिकडेच जातो. मी त्यांना फारसा दोष देत नाही. पण त्या औषधांत महिने गेले.

एक गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक होती आणि ती कुणी विचारली नाही. तिची पापी घेतली की ओठांना मीठ लागायचं. कपाळावर घाम वाळला की पांढरट पूड दिसायची. सासूबाईंनी दर शनिवारी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या तिच्यावरून उतरवून विस्तवावर टाकल्या. त्या मुठीतलं चिमूटभर मीठ तिच्या पोटात जायला हवं होतं, हे त्या माउलीला कुठून कळणार? मलाही कळलं नाही. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकला आणि दहा महिन्यांचं पोर एका दुपारी मान टाकून पडलं. ना फारसे जुलाब, ना ताप. रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड सगळं खाली. सलाईन लावल्यावर चार दिवसांत उठून बसली. मे महिन्यात पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला ड्यूटीवर एक तरुण बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी फाइल मिटली आणि विचारलं, “ताई, हिची पापी खारट लागते का हो?”

मी तिथेच रडायला लागले. कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

हा प्रश्न नवा नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये हा आजार वेगळा ओळखून मांडला. त्याआधी ही मुलं दुसऱ्याच पोटाच्या आजाराच्या नावाखाली मरत होती. त्याच शहरात 1948 च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली. उन्हाने गळून दाखल होणाऱ्या बाळांमध्ये ही मुलं पुन्हा पुन्हा दिसली. त्याचा माग काढत डॉ. पॉल दि सांतान्येझे यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं की यांच्या घामातच मीठ जास्त असतं. 1959 पर्यंत घामाची तपासणी बसवली गेली. हाताच्या त्वचेवर औषध लावून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा, अर्धा तास घाम गोळा करायचा, त्यातलं क्लोराइड मोजायचं. लिटरमागे 60 मिलिमोल किंवा जास्त आलं तर निदान जवळजवळ पक्कं. न सुई, न भूल. साठ वर्षांहून जुनी ही साधी तपासणी करायला आम्हाला पुण्याला जावं लागलं. तेव्हा लेक तेरा महिन्यांची होती.

मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणायची आपली रीत आहे आणि ती खोटी नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथे दवाखाना काढला. 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या कर्नाटकातून माणसं तिथे उपचाराला येतात. हृदयाच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया जिथे होतात, त्या गावात घाम तपासायची सोय सरकारी छताखाली, सगळ्यांना ठाऊक असलेल्या खिडकीवर, ठरावीक वारी असायला काय हरकत आहे? इंग्लंड-अमेरिकेत आज जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा आजार पहिल्या काही आठवड्यांत हेरला जातो. आपल्याकडे ते लगेच होणार नाही, मला मान्य आहे. पण अंगणवाडीचा काटा तर आपल्याकडे आहे! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत तीव्र कुपोषण आहे, सिस्टिक फायब्रोसिस नाही. जे मूल भरपूर खाऊनही सॅममधून बाहेर येत नाही, त्याच्या आईला चार गोष्टी विचारा. शी तेलकट होते का, खोकला महिनोन्‌महिने आहे का, पापी खारट लागते का, आधीचं भावंड असंच वाळून गेलं का. याला यंत्र लागत नाही. सेविकांच्या प्रशिक्षणातला अर्धा तास लागतो. माझी लेक काट्यावर आठ वेळा चढली होती. कुपोषण म्हणजे खायला न घालणं, एवढाच अर्थ त्या काट्याला शिकवलेला होता.

निदान झालं तेव्हा मला वाटलं, आता मार्ग सापडला. खरी अडचण तिथून सुरू झाली.

आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि अनेक घरं तिने बुडता बुडता वाचवली आहेत. माझ्या चुलतदिराचं हृदयाचं ऑपरेशन तीतूनच झालं. पण ही योजना दवाखान्यात होणाऱ्या उपचारांसाठी बांधलेली आहे. लेकीला न्यूमोनिया झाला, ती दहा दिवस पडून राहिली, तर खर्चाचं काही होऊ शकतं. न्यूमोनिया होऊ नये म्हणून मी जे रोज करते, त्याचा एक रुपयाही तिच्यात बसत नाही. सकाळच्या त्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, अ-ड-ई-के जीवनसत्त्वं, वाफेच्या मशीनमध्ये घालायचं मिठाचं तीव्र पाणी, खोकला वाढला की द्यायची प्रतिजैविकं, तीन महिन्यांनी थुंकीची तपासणी. आमचं महिन्याचं बिल घरभाड्याच्या दुप्पट होतं. योजना ज्यांच्या नावाने आहे त्या जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, शेजारच्याच सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. त्या कटगुणमधल्या एखाद्या शेतमजुराच्या घरी हे मूल जन्मलं, तर योजना त्याच्या दारात केव्हा येणार? मूल खचून खाटेवर पडेल तेव्हा.

केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण 2021 मध्ये आलं. पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत वाढली. सिस्टिक फायब्रोसिस त्यात आहे, हे वाचून मी त्या रात्री झोपले नाही. मग यादी नीट वाचली. त्यात कफ पातळ करणारं डॉर्नेज हे महागडं औषध आहे, आणि त्याच्या पुढच्या गटात बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावणारी नवी औषधं आहेत. ज्याच्याशिवाय माझं पोर घास पचवू शकत नाही, त्या एन्झाइमचं नावही आधीच्या एका गटात आहे. पण मदत मिळते ती ठरवून दिलेल्या मोठ्या केंद्रांतून, मुंबईत केईएम. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर जायचं, पहाटे दादरला उतरायचं, परळला पोचून रांगेत उभं राहायचं. पोराला घेऊन, वाफेचं मशीन घेऊन, गर्दीच्या डब्यात खोकणाऱ्या माणसांच्या मधोमध. तिथले डॉक्टर मनापासून बघतात. पण रोजच्या औषधासाठी एवढं अंतर कोण आणि किती वेळा तोडणार?

त्या नव्या औषधांबद्दल मला खूप जण विचारतात. खरं सांगायचं तर ती चमत्कारच आहेत. पहिलं औषध 2012 मध्ये आलं, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या व्हर्टेक्स कंपनीचं तीन रसायनांचं औषध आलं, ज्याने तिकडच्या मुलांचं आयुष्य पालटलं. त्याची तिकडची किंमत वर्षाला 3 लाख डॉलरच्या वर, म्हणजे अडीच कोटींच्या पुढे. 50 लाखांत त्याचे फार तर दहा आठवडे निघतात. सप्टेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारावरचं औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. अर्जेंटिनात त्याची स्वस्त प्रत बनते. माझ्या देशात, जिथून अर्ध्या जगाला गोळ्या जातात, ती बनत नाही याचा मला राग आहे, आणि पेटंटच्या कायद्यात दुसऱ्या कंपनीला औषध बनवू द्यायचे जे अधिकार सरकारला आहेत ते इथे वापरायला हवेत असं मला वाटतं.

पण त्या कोटींच्या आकड्याने एक नुकसान होतं. तो ऐकला की अधिकारी, पत्रकार, नातेवाईक, सगळेच हात टेकतात. ‘अहो, हे आपल्या आवाक्यातलं नाही.’ इथे एक गोष्ट सगळे विसरतात. 2012 च्या आधीच, या चमत्काराशिवाय, अमेरिकेतली ही मुलं तिशी ओलांडत होती. 1950 च्या सुमाराला तीच मुलं शाळेच्या वयापर्यंत जेमतेम पोचत होती. मधल्या काळात आयुष्य वाढलं ते पचवणाऱ्या एन्झाइमने, भरपूर तुपा-लोण्याच्या जेवणाने, छाती मोकळी करण्याच्या रोजच्या व्यायामाने आणि वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी. यातलं काहीही कोटींचं नाही. शिवाय आपल्याकडच्या मुलांमध्ये युरोपातला सगळ्यात नेहमीचा जनुकबिघाड तिकडच्यापेक्षा कमी सापडतो, म्हणजे उद्या ते औषध फुकट झालं तरी काही मुलांना त्याचा उपयोग होणार नाही. त्यांना कॅप्सूल, मीठ आणि थापटणारे हातच तारणार आहेत.

ते हात कुणाचे, हेही सांगते. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. आधी मिठाच्या पाण्याची वाफ. मास्क तोंडावर धरला की ती पहिल्यांदा लाथा मारायची, आता स्वतः गाणं म्हणत बसते आणि गाण्यातले अर्धे शब्द धुक्यात जातात. मग मांडीवर कुशीवर घेऊन, ओंजळ पालथी घातल्यासारखा पोकळ तळवा करून पाठीवर, बरगड्यांवर थापटायचं. सपाट तळव्याने चापट लागते, पोकळ तळव्याचा ‘पोक-पोक’ असा आवाज येतो. तो आवाज बरोबर आला की हात बरोबर पडतोय. मग मोठ्या चेंडूवर उड्या, साबणाचे फुगे, ‘जोरात खोक बघू’. त्यानंतर मशीनचा कप धुवायचा, उकळायचा, पूर्ण वाळवायचा, कारण ओलसर जागी स्यूडोमोनास नावाचा जंतू धरतो आणि तो एकदा छातीत रुजला की पुन्हा हटवणं अवघड. गावी गेलो आणि संध्याकाळी वीज गेली की वाफ रात्री अकराला. मी एका पतसंस्थेत नोकरीला होते, ती सोडली. पगार गेला, तो कुठल्याच खर्चाच्या कागदावर येत नाही. फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एकदा आमच्या तालुक्याच्या ठिकाणी आला असता, हे हात आम्हाला नीट शिकवले असते, चुकतंय का बघितलं असतं, तर पहिलं वर्ष मी अंदाजाने थापटत काढलं नसतं.

जेवणाचंही तसंच. या मुलांना इतरांपेक्षा जास्त खावं लागतं आणि त्यात स्निग्ध जास्त लागतं. लेकीच्या भाकरीवर मी तुपाची धार धरली की घरी आलेली बाई हमखास म्हणते, “अगं, खोकल्याच्या पोराला तूप? कफ धरंल की!” केळं नको, दही नको, शेंगदाणा नको. उन्हाळ्यात ताकात मी दुप्पट मीठ घालते तेव्हा सासरे गप्प बसतात पण त्यांचा जीव खालीवर होतो. मी त्यांना समजावते, तेही आता समजतात. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या दारात डॉक्टरीणबाई थांबून बोलत नाहीत, त्या घरात या पोराचं तूप-मीठ प्रेमापोटीच तोडलं जात असणार.

या मुलांची संख्या थोडी आहे, हा आक्षेप मला माहीत आहे. रक्तक्षयाच्या गोळ्या पुरत नाहीत तिथे या दुर्मिळ आजारावर खर्च कशाला, असं एका ग्रामपंचायतीत मला तोंडावर म्हटलं गेलं. म्हणणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पण साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे-केअर केंद्र आहे. तो आजारही थोड्यांनाच होतो आणि त्याचं औषधही महाग. तरी राज्याने ठरवलं की रक्त न थांबणाऱ्या मुलाला मुंबई गाठायला लावायचं नाही, औषध जिल्ह्यातच ठेवायचं. हे एकदा करून दाखवलं आहे. मग त्याच इमारतीत, आठवड्यातल्या एका सकाळी, या मुलांसाठी एक टेबल का असू नये? आणि दुर्मिळ आजारांच्या औषधावरचं सीमाशुल्क 1 एप्रिल 2023 पासून माफ आहे, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला चालतो. म्हणजे परदेशातून लाखोंचं औषध मागवायला सिव्हिल सर्जनची सही पुरते. त्याच सहीने एन्झाइमची कॅप्सूल सरकारी औषधखिडकीवर दर महिन्याला मिळाली पाहिजे. एवढी छोटी मागणी आहे. वर्षाला एका मुलामागे जो खर्च येईल तो त्याच मुलाच्या दोन-तीन आयसीयूच्या फेऱ्यांमध्ये सरकार आज भरतच असणार.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत आणि ते असायलाच हवेत. सिस्टिक फायब्रोसिस नाही, म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नाही. या मुलांकडे बघून काही कळत नाही. हात-पाय धड, चेहरा हसरा. फक्त श्वास मोजून वापरावा लागतो.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे, कारण ती चुकली तर मदतच मुलाला मारेल. आपल्या सरकारी यंत्रणेला, पुढाऱ्यांना, रोटरी-लायन्सच्या मंडळींना शिबिर आवडतं. मांडव, खुर्च्या, सगळे रुग्ण एका ठिकाणी. या आजारात ते करायचं नाही. एका मुलाच्या छातीतले जंतू दुसऱ्याच्या छातीत गेले तर ते इतके चिवट निघतात की साध्या माणसाला काही न करणारा जंतू या मुलाचं फुप्फुस वर्षभरात खाऊ शकतो. म्हणून जगभर नियम आहे की सिस्टिक फायब्रोसिसच्या दोन मुलांनी एकमेकांजवळ यायचं नाही, निदान सहा फुटांचं अंतर, एका खोलीत तर नाहीच. ओपीडीतसुद्धा त्यांना वेगवेगळ्या वेळा द्यायच्या, टीबीच्या रांगेत तर कधीच बसवायचं नाही. तेव्हा ‘रुग्ण मेळावा’ घेऊ नका. वेळ ठरवून एकेकाला बोलवा. तपासून झालं की खोली पुसा, मग दुसऱ्याला घ्या. यात फोटो चांगला येत नाही, हे मला मान्य आहे.

आणि बोलायचंच तर घरातलंही बोलते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. नात्यातल्या लग्नात एकच दडलेला बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. आमचं लग्न नात्यातलं नाही, तरीही हे झालं. म्हणून यावरून कुणाला बोल लावायला मी ही ओळ लिहीत नाही. पण ज्या घरात असं एक मूल आहे, तिथे पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, आणि ती गर्भावस्थेत तपासता येते. हे सांगणारा समुपदेशक जिल्ह्यात हवा. नाहीतर ते काम शेजारणी करतात, आणि त्यांचा निकाल ठरलेला असतो: बाईचं रक्त वाईट. रक्त दोघांचं सारखं असतं. माझ्या नवऱ्याने ते पहिल्या दिवशी घरच्यांना बसवून सांगितलं, म्हणून मी आज हे लिहू शकते. एका पाहुण्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, “पोरीच्या जातीवर एवढा खर्च करणारायस का?” त्या दिवसापासून सकाळचं थापटणं तो स्वतः करतो, एकही दिवस चुकवत नाही.

अंगणवाडीत आता लेक रोज जाते. ताईंनी कपाटात तिच्या नावाचा डबा ठेवला आहे, त्यात चार कॅप्सूल आणि मिठाची पुडी. खाऊच्या आधी त्या स्वतः तिला चमचा भरवतात आणि तोंड उघडून बघतात. शेजारच्या फडात तोड झाल्यावर पाचट पेटवलं की त्या खिडक्या लावून घेतात आणि मला फोन करतात. एवढं शिकायला त्यांना दोन दिवस लागले. गेल्या महिन्यात वजन 13 किलो 400 ग्रॅम भरलं. वयाच्या मानाने कमीच, पण काटा हलला.

गेल्या आठवड्यात त्याच ताईंनी एका बाईला माझा नंबर दिला. तासगाव तालुक्यातल्या. मुलगा अकरा महिन्यांचा, सॅममध्ये, टीबीचं औषध चालू. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, “ताई, एक विचारू? याचा मुका घेतला की खारट लागतंय.” मी तिला घामाच्या तपासणीचं सांगितलं, एन्झाइमचं सांगितलं, उन्हात पोराला ताकात मीठ कसं द्यायचं ते सांगितलं, टीबीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नको म्हणाले. ती म्हणाली, “मी येते की तुमच्याकडं, पोराला घेऊन. तुमची पोरगी बघितली की मला धीर येईल.” तिला म्हणावं लागलं, तू ये, पण त्याला घरी ठेवून ये. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, पुण्याला सकाळची गाडी किती वाजता आहे, आणि दिवसात परत यायला होतं का.